श्याम केव्हा खेळला?

गेल्या दिवाळीत आमच्या शेजारच्या बिऱ्हाडी पुण्याहून पाहुणे आले होते. त्यांनी घरातल्या पाच वर्षांच्या मुलाला ‘श्यामची आई’ची एक सुबक प्रत भेट दिली आणि ती हातात ठेवताना बजावले, “हे वाच, म्हणजे आईचे ऐकायला शिकशील.” मुलाने पुस्तक घेतले, वाकून नमस्कार केला आणि ओसरीवर परत जाऊन ते मधोमध उघडून जमिनीवर पालथे उभे केले. मग त्याच्या काडेपेट्यांची आगगाडी त्या पुस्तकाखालून जाऊ लागली. पाहुण्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुलाची आई शरमून पुस्तक उचलायला धावली. आजोबा मात्र सुपारी कातरता कातरता थांबले आणि म्हणाले, “राहू दे व सूनबाई. धुळघाटचा पूल हाय तो.”

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटर गेजची एक गाडी होती. मेळघाटच्या जंगलातून जाताना धुळघाटाजवळ चढण चढण्यासाठी तिचे रूळ भला मोठा वळसा घेत आणि आपल्याच अंगावरून पलीकडे जात. रुंदीकरणासाठी २०१७ च्या सुमारास ती वाट बंद झाली. म्हणजे हा मुलगा जन्मला त्याच्या आधीच ती गाडी गेलेली. त्याने तिचे इंजिन पाहिले नाही, शिटी ऐकली नाही. जे काही त्याच्याजवळ होते ते आजोबांच्या तोंडचे होते, आणि त्या ऐकीव शब्दांवरून त्याने काडेपेट्यांचे डबे जोडले, फरशीच्या रेघांचे रूळ केले. अडले होते ते पुलाशी. पाहुण्यांनी नेमका पूलच आणून दिला.

मी हे सारे खिडकीतून पाहत होते. घरी येऊन मी आमची जुनी ‘श्यामची आई’ काढली आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली. शाळेत शिकविण्यासाठी हे पुस्तक मी कितीदा चाळले असेल. पण या वेळी एकच प्रश्न मनात धरून वाचले. श्याम केव्हा खेळला?

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. आश्रमात दिवसभराची कामे आटोपल्यावर श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. एका रात्री एक, अशा बेचाळीस रात्री. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि तेव्हापासून ‘श्यामची आई’ म्हटले की डोळे पुसायचे, असा एक रिवाजच मराठी घरांत पडून गेला. डोळ्यांत पाणी आले की अक्षरे धूसर दिसतात. या पुस्तकाचे बरेचसे तसेच झाले आहे, असे मला वाटते.

कोरड्या डोळ्यांनी वाचले तर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, या आईने उपदेश म्हणून वेगळा वेळ काढलेला जवळजवळ नाहीच. तिला तो मिळतच नव्हता. ती सदैव काही ना काही करीत असते आणि श्याम तिच्या हाताशी घोटाळत असतो. श्याम देवासाठी कळ्याच तोडून आणतो तेव्हा ती त्याला फुले झाडावर उमलू द्यावीत म्हणून सांगते, पण तेव्हा त्या कळ्या दोघांच्या समोर असतात. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो. आई आपले ओचे दगडावर पसरते, आणि मग म्हणते की पायांना जपतोस तसे मनालाही जप. हे वाक्य आपण सुविचार म्हणून शाळेच्या फळ्यावर लिहितो. परंतु श्यामच्या लक्षात ते राहिले, त्याचे कारण त्या वाक्याच्या आधी त्याच्या पायाखाली आईचे ओले लुगडे होते. पत्रावळ लावायला येत नाही तेव्हा पाने आणि काड्या त्याच्या पुढ्यात असतात. फूल, पाणी, पान, गाय, भाजी. जवळजवळ प्रत्येक रात्रीच्या मुळाशी हाताला लागेल अशी एखादी वस्तू आहे. गुरुजींचा श्याम जे शिकला ते आधी बोटांनी शिकला, आणि त्याचा अर्थ बोटांच्या मागून, कधी कधी तर पुष्कळ वर्षांनी, त्याच्या मनात पोचला.

आपण शाळामास्तरांनी काय केले? वस्तू काढून टाकली आणि तात्पर्य ठेवले. “श्यामच्या आईने श्यामला कोणती शिकवण दिली?” हा प्रश्न मी स्वतः किती वेळा घातला असेल, याची मोजदाद नाही. मुले उत्तर पाठ करतात, त्यांना गुण मिळतात. एकाही परीक्षेत मी असे विचारले नाही की, पत्रावळीला लागणारी पाने कशाची, ती काडीने कशी टाचतात, पहिल्यांदा टाचताना काय चुकते. ते विचारले असते तर निदान दोन-चार मुले घरी जाऊन आजीला म्हणाली असती, ‘मला करून दाखव.’

तरीही माझा प्रश्न उरतोच. बेचाळीस रात्रींत खेळ हाच विषय असलेली रात्र मला सापडली नाही. त्याच्या जवळपास जाणारी आहे ती पोहण्याची. सगळी मुले विहिरीवर गेलेली, श्याम भीतीने घरात दडून बसलेला, आणि आई त्याला मारून घराबाहेर काढते. तिचा हेतू निर्मळ आहे. मुलाला भित्रा म्हटलेले तिला सोसत नाही. नंतर तिचेही डोळे भरून येतात. गुरुजींनी हा प्रसंग इतक्या प्रांजळपणे लिहिला आहे की, आईची बाजू घेतल्यावाचून वाचक पुढे सरकत नाही. पण मी पंचवीस-तीस मुलांच्या समोर रोज उभी राहते, म्हणून मला दुसरी बाजूही दिसते. श्याम पाण्यात पडला तो माराच्या भीतीने. एक भीती दुसऱ्या भीतीपेक्षा मोठी ठरली इतकेच. पाण्याशी त्याची ओळख व्हायला हवी होती ती काठावर बसून पाय बुडविण्यापासून, भोपळा बांधून डुंबण्यापासून, म्हणजे खेळापासून. या पुस्तकात प्रेम भरून वाहते, काम आहे, भक्ती आहे, वाचनाची ओढही आहे. रिकामटेकडा, निरुद्देश, कुणाच्या उपयोगाचा नसलेला खेळ तेवढा नाही. पुस्तकाची ही उणीव दाखविली म्हणजे गुरुजींचा अवमान झाला असे कुणी मानू नये. ते आईचे ऋण फेडायला बसले होते, बालपणाची बखर लिहायला नव्हे. चूक आपली, की आपण त्या एका पुस्तकाला मूल वाढविण्याचे संपूर्ण शास्त्र समजलो.

ती राहिलेली जागा मराठीत भरून निघाली ती साठ वर्षांनी. प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’ १९९४ मध्ये आला. त्यामागून ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. त्यातला लंपन कर्नाटकाच्या सीमेवरच्या एका गावात आजी-आजोबांजवळ राहतो. ज्याला त्याला ‘मॅड’ म्हणतो, मोठमोठे आकडे बेधडक ठोकून देतो, कानडी वळणाचे मराठी बोलतो. श्याम आणि लंपन यांना शेजारी बसविले तर पहिल्याने डोळ्यांत भरतो तो त्यांच्या बोलण्याच्या हेतूतला फरक. श्याम मोठा होऊन मागे पाहतो आहे. प्रत्येक आठवणीतून मित्रांना काही द्यावे म्हणून तो सांगतो. लंपनला कुणाला काही द्यायचे नाही. तो नुसता रस्त्याने चालला आहे, आणि चालताना जे दिसेल, ऐकू येईल, ज्याचा वास येईल, ते सारे त्याच्या आत साठत चालले आहे. त्याची आजी करडी आहे, पण ती त्याला मोकळा वेळ देते. हा मुलगा आईबापांपासून लांब पडला आहे. त्या दुःखाचा उच्चार तो क्वचितच करतो, आणि तरी पानापानाला ते जाणवते. दिवसभर भटकून, खेळून, मित्रांत रमून तो ते दुःख आपल्या परीने पचवीत असतो. मुलाचे खेळणे म्हणजे उनाडकी समजणाऱ्या पालकांनी यातली एखादीच कथा सावकाश वाचावी.

मात्र कोकणातला श्याम आणि सीमेवरचा लंपन यांच्याविषयी लिहून वऱ्हाडातल्या माणसाला स्वस्थ बसता येत नाही. आमच्याकडची मुले कुठल्या पुस्तकात आहेत? माझ्यापुरते उत्तर उद्धव शेळक्यांची ‘धग’ हे आहे. १९६० सालची ही कादंबरी कौतिकची म्हणून ओळखली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु मी ती तिच्या मुलांची म्हणूनही वाचते. कौतिकची माया श्यामच्या आईपेक्षा कणभर कमी नाही. तिच्यापाशी नाही ती उसंत. नवऱ्याचा भरवसा नाही, हाताला मिळेल ते काम, घरातले दाणे संपलेले. अशा घरात आईच्या तोंडून पोरांच्या वाट्याला येतात ते बहुधा हुकूम, नाही तर कळवळा. निवांत, पाल्हाळिक, कुठेही न पोचणारे बोलणे येत नाही. मूल तीन-चार वर्षांचे असताना त्याला अशाच बोलण्याची भूक असते. आपण त्याला विचारावे, त्याने काहीतरी अद्भुत उत्तर द्यावे, आपण ते खरे मानून पुन्हा विचारावे. अशा देवघेवीत मुलाचा मेंदू घडतो, असे आजचे शास्त्र सांगते, आणि मेंदूची बरीचशी वाढ पहिल्या पाच-सहा वर्षांतच होऊन जाते असेही सांगते. शेळक्यांनी शास्त्र सांगितले नाही. घरातला वेळ गरिबीने कसा खाल्ला जातो, ते त्यांनी पानोपानी दाखविले. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे अजूनही वावरातल्या बाभळीला लुगड्याची झोळी टांगलेली दिसते. झोळीतले मूल जागे असते. तासाच्या टोकाला गेलेली आई तिथून हाळी देते; मूल तेवढ्या एका हाळीवर घटकाभर काढते.

नेमका हाच पेच ज्या बाईने सोडवायला घेतला, तिचा संसार काही काळ आमच्या शेजारच्या अमरावतीत होता, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ताराबाई मोडक मुंबईच्या पदवीधर. अमरावतीच्या एका वकिलांशी त्यांचा विवाह झाला, तिथे त्या राहिल्या. पुढे तो संसार मोडला आणि लहानग्या मुलीला घेऊन त्या काठेवाडात गेल्या. या मुलीला कसे वाढवावे, कुठल्या शाळेत घालावे, या काळजीतून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांपर्यंत पोचल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. म्हणजे साने गुरुजी तुरुंगात आईच्या आठवणी लिहीत होते, त्याच दशकात ताराबाई गावोगावच्या आयांना सांगत होत्या की मुलाला मारू नका आणि लालूचही दाखवू नका, त्याच्या हाताला काम द्या. माँटेसोरीबाईंचे हे तत्त्व. त्यांनी १९०७ साली रोममध्ये मजुरांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते. आपल्याकडे मात्र ते चकचकीत लाकडी साधनांसकट आले आणि पैसेवाल्यांच्या मुलांपाशीच थांबले. ताराबाईंचे थोरपण मला दिसते ते त्या पुढे जे वागल्या त्यात. ऐन पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, त्या शहरातली जमलेली संस्था मागे ठेवून बोर्डीला गेल्या, आणि १९५७ साली तिथून कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींत. सोबत अनुताई वाघ. साधने विकत आणायला पैसे नव्हते, तेव्हा शंखशिंपले, गोटे, बिया, पाने, बांबूचे तुकडे हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा शाळाच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेऊन बसविली. मोठी मुले गुरे राखायला जातात म्हटल्यावर ती कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा.

‘अंगणवाडी’ हा शब्द आज गावच्या पाटीवर रोज दिसतो म्हणून आपण त्याच्याकडे पाहत नाही. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तिच्यासोबत तो देशभर गेला. पण त्याच्या पोटात ताराबाईंचे ते अंगण आहे. साहित्याच्या टीकालेखात हे कशाला, असे कुणी विचारील. मला त्या एका शब्दात उत्तम लेखकाची निवड दिसते, म्हणून. शाळा, मंदिर, विद्यालय हे सारे भारदस्त शब्द हाताशी असताना बाईंनी घराच्या पुढचा, सारवलेला, कोंबड्या हिंडतात तो भाग उचलला. ज्या आईला उसंत नाही तिच्या मुलाला तिच्याच अंगणात कुणीतरी बोलणारे, गोष्ट सांगणारे माणूस मिळावे, एवढे सारे त्या शब्दात आले.

आता माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पहिलीच्या वर्गात खेड्यावरून आलेली एक मुलगी होती. पहिल्याच आठवड्यात ती उठून म्हणाली, “बाई, मले पानी पायजे.” मी सवयीने म्हटले, “मले नाही. मला पाणी पाहिजे, असे म्हणावे.” ती पाणी प्यायली आणि गप्प झाली. किती दिवस, हे मी मोजले नाही. मोजायला हवे होते. मुलगी मंद आहे, असे मी पटावर नाही तरी मनात लिहून टाकले.

पुढे भाद्रपदाची पौर्णिमा आली आणि आमच्याकडे भुलाबाई बसल्या. भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडून मुली कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणतात आणि गाणी संपल्यावर खिरापत ओळखतात. पश्चिमेकडच्या वाचकांना भोंडला ठाऊक असेल. हे त्याच्याच जवळचे, परंतु आमचे. खिरापतीचा डबा झाकलेला असतो. यजमानीण तो कानाशी हलवून दाखविते आणि मुलींनी आत काय आहे ते सांगायचे. ओळखेपर्यंत झाकण उघडत नाही. त्या संध्याकाळी मी एका ओळखीच्या घरी ओट्यावर बसले होते आणि मुलींच्या घोळक्यात ती होती. डबा हलला. एक मुलगी म्हणाली, “लाडू.” ही उसळून म्हणाली, “लाडू कायचे व! लाडू असते त गडगड वाजले असते. हे त खळखळ वाजून रायलं.” कुणी चिवडा म्हटले, तर चिवडा सळसळतो, असे हिचे म्हणणे. मग ओले की कोरडे, तळलेले की भाजलेले, दाताखाली मोडणारे की जिभेवर विरघळणारे, असे एकामागून एक प्रश्न तिने त्या बाईंना घातले, आणि शेवटी कमरेवर हात ठेवून निर्णय दिला, “फुटाने हायेत. आन् त्याच्यात गुळाचा खडा हाय, तो मदातच ठक् वाजते.” झाकण उघडले. फुटाणे होते, आणि गुळाचा खडा होता.

माझ्या वर्गात जिला बोलता येत नव्हते, ती ही. आवाजांतला भेद ओळखणे, त्याला शब्द देणे, तर्क करणे, तो खोडणे, दुसऱ्याचे ऐकून घेऊन त्याला उत्तर देणे. वाचायला शिकण्यापूर्वी जे जे यावे लागते ते तिला येत होते. आणि ते तिला तिच्या आजीने, आईने, गल्लीतल्या थोरल्या मुलींनी झाकलेला एक डबा हलवून शिकविले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढीत निघणारी पोरे असोत, ज्वारीच्या धांड्यांची बंडी करणारी असोत, या सगळ्यांच्या हातांत आणि तोंडांत असे पुष्कळ असते. ते कुठल्याही पटावर नोंदले जात नाही. दुसऱ्या दिवशी मी एक डबा घेऊन वर्गात गेले. त्यात चिंचोके होते. काय झाले ते सविस्तर सांगत नाही. मला ‘मले’ म्हणणाऱ्या तोंडाकडून पुष्कळ शिकावे लागले, एवढे पुरे.

त्या डब्यानंतर मला आपल्या बालसाहित्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येईना. अगदी लहानांसाठी मराठीत चांगली पुस्तके नाहीत असे म्हणणे आता खोटे ठरेल. माधुरी पुरंदऱ्यांच्या ‘राधाचं घर’मध्ये एक चिमुरडी मुलगी घरातल्या एकेका माणसाविषयी सांगते, आणि तात्पर्य असे काहीच सांगत नाही. आजी कशी, बाबा कसे, हे ती पाहते तसे बोलते, आणि चित्रांतही घरातला पसारा पसाराच राहतो. माझ्या वर्गातली मुले हे पुस्तक ऐकताना मध्येच थांबवून स्वतःच्या आजीविषयी सांगू लागतात. पुस्तक चांगले असल्याची याहून दुसरी कसोटी मला माहीत नाही. २०१४ साली पुरंदऱ्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तेव्हा मला आपल्याच घरात काही घडल्यासारखा आनंद झाला होता. पण राधाची आजी माझ्या मुलांच्या आजीसारखी बोलत नाही. ती बोलावी असा आग्रह पुरंदऱ्यांपाशी धरता येणार नाही; तो आम्हा वऱ्हाडातल्या लिहिणाऱ्यांपाशी धरावा लागेल. शेळक्यांनी वऱ्हाडी बोली मोठ्यांच्या कादंबरीत आणून तिला मान मिळवून दिला, त्याला साठांवर वर्षे झाली. आमच्या तीन वर्षांच्या मुलाने पहिले पुस्तक उघडावे आणि त्यात कुणीतरी ‘काहून?’ म्हणून विचारावे, हे अजून झालेले नाही. मी कादंबऱ्या लिहिते. मोठ्यांसाठी चारशे पाने लिहिताना माझा हात अडला नाही. लहानांसाठी बारा पाने लिहायला बसले तर तोंडात आपोआप पुण्याची भाषा येते आणि दुसऱ्या पानावर तात्पर्य डोके वर काढते. तेव्हा हा दोष दुसऱ्या कुणाच्या पदरी घालायला मी मोकळी नाही.

कौतिकच्या घरात गरिबीने वेळ खाल्ला होता. हल्ली ज्यांच्या घरी दाणे भरपूर आहेत, त्यांच्या मुलांचाही वेळ खाल्ला जात आहे, आणि तो आईबापच पैसे मोजून खायला देतात. परवा एक वडील मोठ्या अभिमानाने साडेतीन वर्षांच्या मुलाची वही दाखवीत होते. एक ते पन्नास आकडे, इंग्रजी अक्षरे, सारे ओळीत. मुलगा कडेवर होता आणि पेन्सिल धरून धरून त्याच्या मधल्या बोटाला घट्टा पडला होता. त्या वयाच्या मुलाचे बोट पेन्सिलीसाठी तयारच झालेले नसते. ते आधी माती मळून, मणी ओवून, शेंगा सोलून तयार व्हावे लागते, हे ताराबाईंनी शतकापूर्वी सांगायला आरंभ केला होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक पायाभूत टप्पा ठरवून खेळातून शिकण्याला मान्यता दिली. २०२३ साली ‘जादुई पिटारा’ नावाची खेळण्या-पुस्तकांची पेटीही निघाली. कागदावर ताराबाई जिंकल्या आहेत. पण त्या वडिलांना मी धोरण सांगू लागले तेव्हा ते म्हणाले, “ते ठीक आहे बाई, पण पुढच्या वर्षी याला मोठ्या शाळेत घालायचे आहे आणि तिथे विचारतात.” विचारतात, हे खरे. मला उत्तर देता आले नाही. ते ‘श्यामची आई’ आणतील काय, असेही एकदा मनात आले. आणि आणलीच तर ती त्या मुलाच्या हातात कशी पडेल, याची कल्पना करणे मी टाळले.

शेजारच्या त्या पुस्तकाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. चार दिवस ते पूल होते. पाहुणे गेल्यावर पाडव्याच्या संध्याकाळी आजोबांनी ते उचलून झटकले, चष्मा लावला आणि पोहण्याची रात्र मोठ्याने वाचायला घेतली. मुलगा काडेपेट्यांचे डबे एकात एक बसवीत होता. ऐकतो आहे की नाही हे कळत नव्हते. श्याम घरात दडून बसला, आईने मारले, मुलांनी त्याला विहिरीवर नेले. आजोबांचा आवाज कातर होऊ लागला. मीही भिंतीपलीकडे हातातले काम थांबवून उभी होते. तेवढ्यात मुलगा मान वर न करता म्हणाला, “आबाजी, त्या इहिरीत कासव होतं काय?”

आजोबा थांबले. मग त्यांनी पुस्तकात बोट घालून ते मिटले आणि म्हणाले, “आमच्या वावरातल्या इहिरीत होतं.” आणि त्या कासवाविषयी सांगू लागले.